लेण्यांच्या बेटावर राहणारी माणसं

मुंबईजवळच्या घारापुरी, म्हणजे एलिफंटा, बेटावरच्या लेण्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं १९८७ साली. घारापुरीच्या घरांत महावितरणची वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत. मधल्या एकतीस वर्षांत जगभरातून माणसं बेटावर येत राहिली, १९८९ पासून नृत्य-संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि गावातल्या पोरांनी अभ्यास केला तो जनरेटरच्या उजेडात. तो जनरेटर संध्याकाळी तीनेक तास चालायचा. तो बंद पडला की पूर्वेला न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे, पश्चिमेला मुंबईचे दिवे आणि मधे काळोख. शेवटी समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटरची केबल टाकली, सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्च झाले आणि वीज आली. म्हणजे काम अवघड असलं तरी होण्यासारखं होतं. इतकी वर्षं ते कुणाला निकडीचं वाटलं नाही.

पर्यटक आले की पैसा येतो, पैसा आला की सोयी येतात आणि सोयी आल्या की गाव सुखी होतं, हा हिशेब आपल्याकडे इतका पक्का बसला आहे की तो कुणी पुन्हा मांडूनच बघत नाही. घारापुरीने तो एकतीस वर्षं खोटा ठरवला. पण मला इथे सोयींच्या पलीकडचं काही मांडायचं आहे. ज्या बेटावर माणूस जन्मला, जिथे त्याचे आजे-पणजे गेले, त्या जागेविषयी त्याला जे वाटतं त्याचं पर्यटन वाढल्यावर काय होतं? मला वाटतं, पर्यटन ही ओढ मारून टाकत नाही, तिचा पाया बदलतं. शेत, खाडी, जाळं आणि देव यांच्यावर उभी असलेली ओढ पायऱ्यांवरच्या दुकानावर येऊन उभी राहते. दुकान चालवणं यात काहीच वाईट नाही. अडचण अशी की त्या दुकानाबद्दलचे सगळे निर्णय बेटाबाहेर होतात. म्हणून किती पर्यटक यावेत याच्याही आधी, बेटाबद्दल कोण ठरवणार हा प्रश्न सोडवायला हवा.

मुंबईहून जाणारा माणूस घारापुरी कशी बघतो ते आठवा. गेटवेहून लाँच, तासाभराचा प्रवास. किनाऱ्याला चिखल आणि उथळ पाणी असल्याने जेट्टी पार आत समुद्रात गेलेली. तिच्यावरून धावणारी छोटी गाडी. मग शे-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, दगडी मूर्ती, टोप्या, सरबत, काकडी-कैरी. थकलेल्यांसाठी डोली. वर गेल्यावर सहाव्या शतकातलं ते अफाट लेणं आणि आतली वीसेक फुटांची सदाशिवाची मूर्ती, जिच्यापुढे माणूस खरोखर गप्प होतो. परतीची लाँच धरायची म्हणून पुन्हा पायऱ्या, पुन्हा जेट्टी. या वाटेवर तो शेतबंदर या एका गावाच्या कडेकडेने जातो. राजबंदर आणि मोराबंदर अशी आणखी दोन गावं बेटावर आहेत, बेट उरण तालुक्यात येतं, त्याला स्वतःची ग्रामपंचायत आहे, हजार-बाराशे माणसं इथे राहतात, हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. त्यांच्या लेखी रस्त्यावर भेटलेली माणसं विक्रेते असतात.

ही माणसं आगरी-कोळी समाजातली. भातशेती, मासेमारी आणि होड्यांची डागडुजी ही बेटाची जुनी कामं. पावसात खाचरांत लावणी, उघडीप पडली की खाडी. पाग टाकणं, चिंबोऱ्या धरणं, ओहोटीला बायकांनी खडकांवरची कालवं फोडणं. अशा कामातून जागेशी जे नातं जडतं ते भरती-ओहोटीच्या वेळा अंगात मुरण्याचं असतं. कुठल्या खडकापाशी चिखल पायाला ओढतो, कुठल्या महिन्यात कुठली मासळी आत येते, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं आणि तरी ते सगळ्यांना माहीत असतं. महाशिवरात्रीला उरणकडची माणसं होड्यांनी दर्शनाला येतात, तेव्हा एरवी तिकीट काढून बघायचं ते लेणं त्या दिवसापुरतं देवस्थान होतं. पुरातत्त्व खात्याचं स्मारक, परक्या पाहुण्याचं आश्चर्य आणि गावचा देव असे तीन अर्थ एकाच दगडाला आहेत. त्यातला तिसरा सर्वांत कमी दिसतो.

जागेची ओढ अभ्यासणारे लोक तिचे दोन पदर सांगतात. मी कोण आहे हे मला ज्या जागेमुळे कळतं, तो ओळखीचा पदर. आणि ज्या जागेवाचून माझं पोट चालत नाही, तो गरजेचा. जुन्या घारापुरीत हे दोन पदर एकमेकांत विणलेले होते. जो चिखल पोट भरायचा, त्याच चिखलाची माहिती असणं ही तिथल्या माणसाची ओळख होती. पर्यटनाने ही वीण उसवली. पोट लेण्यांच्या पायऱ्यांवर गेलं आणि ओळख खाडीत राहिली.

यात पर्यटनाला एकट्याला दोष देणं खोटेपणाचं होईल. समोर न्हावा-शेव्याला १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. खाडीत गाळ उपसणारी यंत्रं, मोठी जहाजं, तेल, मुंबई आणि ठाण्याकडून येणारं सांडपाणी, या सगळ्यात या पट्ट्यातली मासेमारी खंगत गेली. जाळं रिकामं यायला लागल्यावर माणूस पायऱ्यांवर माळा विकायला बसला, तर तो लोभाने बसला असं कुणी म्हणू नये. आणि पर्यटनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही इथेच मांडायला हवा. कोकणातली कितीतरी गावं मुंबईने रिकामी केली. कुलूप लावलेली घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, चाकरमानी येतात, आठ-दहा दिवस गाव गजबजतं आणि पुन्हा ओस पडतं. घारापुरी मुंबईच्या डोळ्यांसमोर आहे. तिथली पोरं केव्हाच निघून गेली असती. तिथे आजही नांदती घरं आहेत, त्याचं एक मोठं कारण रोज सकाळी येणारी पहिली लाँच आहे. जागेची ओढ टिकायला आधी जागेवर माणूस टिकावा लागतो, आणि तो पर्यटनाने टिकवला. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

मात्र हा टिकाव फार बारीक दोरीवर उभा आहे. लेणी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी पायऱ्याही बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच नाही. १७ मार्च २०२० ला पुरातत्त्व खात्याने देशभरातली स्मारकं बंद केली आणि एका आदेशाने बेटाची कमाई थांबली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची चाचणी चाललेली स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. बाकीच्या महाराष्ट्रासाठी ती एक भीषण बातमी होती. बेटावरच्या माणसासाठी तो रोजचा रस्ता आहे. बाजार, कॉलेज, दवाखाना, कचेरी, सगळं पाण्यापलीकडे, उरणच्या मोरा बंदराला, न्हाव्याला किंवा मुंबईला. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या किंवा छातीत दुखू लागलं तर होडीवाल्याला उठवावं लागतं. पर्यटकाची सुरक्षितता आणि रहिवाशाची सुरक्षितता एकाच पाण्यावर असते, पण चर्चा होते ती पहिलीची. लाइफ जॅकेट सक्तीचं झालं, ते व्हायलाच हवं होतं. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन जाणाऱ्या बोटीविषयी तेवढ्या तातडीने कुणी बोलल्याचं आठवत नाही.

त्यात घराचा प्रश्न. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून पहिल्या १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीनंतर हा कायदा अधिक कडक झाला. बेट असल्याने सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे, नियम आहेतच, आणि डोंगराळ भाग, जंगल, खारफुटी सोडली तर उरलेली जागा थोडीच. लेण्यांचं रक्षण व्हायलाच हवं, त्यात दुमत असण्याचं कारण नाही. पण दोन मुलांची लग्नं झाल्यावर घराला एक खोली वाढवायची तर कुणाकुणाच्या दारात जावं लागतं, याचा विचार करा. जिथे जन्मलो तिथे नवी भिंत घालता येत नाही आणि शेजारच्या प्रसिद्ध भिंती बघायला जग येतं. अशा वेळी माणसाच्या मनात स्वतःच्याच बेटाविषयी एक कडवटपणा साचतो. ओढ कमी झाली म्हणून तो साचत नाही. ओढ आहे म्हणूनच साचतो.

पैशांचं गणितही बघू. भारतीय पर्यटकाला लेण्यांचं तिकीट ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. तो पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो. लाँचचं भाडं गेटवेला दिलं जातं. परदेशी पाहुण्याचं हॉटेल, गाडी आणि बहुतेकदा गाइडही मुंबईतच ठरलेला असतो. ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो जेट्टीवरचा पाच-दहा रुपयांचा कर, आणि त्यात तिने पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या उचलायच्या, वाटा झाडायच्या, दिवाबत्ती बघायची. शिवाय सगळा पर्यटक शेतबंदरच्या बाजूला उतरतो आणि तिथूनच परततो. पायऱ्यांवर कुणाचं दुकान कुठे, यावर गावागावांत आणि भावाभावांत ताण येणं साहजिक आहे. पूर्वी खाडी सगळ्यांची होती. पायऱ्या सगळ्यांच्या नसतात, त्या मोजक्या असतात आणि वरच्या जागेपेक्षा खालची जागा चांगली असते. बाहेरून आलेला माणूस गावाला ‘स्थानिक समाज’ म्हणून एकसंध धरतो. आत मात्र पर्यटनाने कुणाला जवळ आणि कुणाला लांब नेलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं नाही, आणि गरिबीमुळे होतं असंही नाही. स्पेनच्या कनारी बेटांवर साधारण बावीस लाख लोक राहतात आणि वर्षाला दीड कोटीच्या आसपास पर्यटक जातात. २० एप्रिल २०२४ ला तिथे सातही मोठ्या बेटांवर हजारो माणसं रस्त्यावर उतरली. त्यांची घोषणा होती, कनारीला मर्यादा आहे. त्या मोर्चांतल्या अनेकांचं पोट हॉटेलांवर, विमानतळांवर, पर्यटकांच्या गाड्यांवरच चालतं. तरी ते बाहेर पडले, कारण घरं पर्यटकांना भाड्याने देण्यात इतका फायदा आहे की तिथल्या नर्सला, शिक्षकाला, वेटरला राहायला घर परवडत नाही. काम बेटावर आहे आणि घर नाही. गरजेचा पदर जाड होत गेला आणि ओळखीचा तुटत गेला, की माणसं अशी रस्त्यावर येतात.

हवाईतलं उदाहरण तर जिव्हारी लागणारं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरचं लहायना हे जुनं शहर वणव्यात जळालं, शंभराहून अधिक माणसं गेली. बरोबर दोन महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला, पश्चिम माउई पर्यटकांसाठी पुन्हा खुलं करायला सुरुवात झाली. घर गमावलेली कुटुंबं तेव्हा हॉटेलांच्या खोल्यांत राहत होती. थोडं थांबा, आम्हाला अजून आमच्या माणसांचं दुःखही करता आलेलं नाही, असं हजारो रहिवाशांनी सरकारला कळवलं. सरकारचं उत्तर होतं की पर्यटनाशिवाय बेटाची कमाई नाही. हे उत्तर आकड्यांनी खरं होतं. पण ज्या बेटाला शोक करायलाही पर्यटन थांबवता येत नाही, तिथल्या माणसाचं त्या बेटाशी नातं उरतं तरी किती, असा प्रश्न कुठल्याही सरकारला पडायला हवा.

मालदीवने दुसरी वाट धरली होती. १९७२ मध्ये तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे धोरण असं ठरलं की रिसॉर्ट वेगळ्या, निर्मनुष्य बेटांवर असतील. पर्यटक एकीकडे, गावं दुसरीकडे. गावांची मशीद, भाषा, रीतभात शाबूत राहिली. पण कमावता माणूस महिनोन् महिने रिसॉर्टच्या बेटावर आणि घरचे आपल्या बेटावर. पैसा मूठभर मालकांकडे. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली आणि साध्या कुटुंबांच्या हातात थेट पैसा आला, त्याबरोबर माफुशीसारख्या छोट्या बेटांवर गर्दीही आली. पर्यटकाला पूर्ण वेगळं ठेवा किंवा पूर्ण घरात घ्या, दोन्हीची किंमत आहे. ती किंमत कुठली मोजायची हे मोजणाऱ्यानेच ठरवावं, एवढंच मला त्यातून दिसतं.

आणि लक्षद्वीप. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रं आली, मालदीवशी वाद झाला आणि रातोरात लाखो भारतीयांना लक्षद्वीपला जायचं होतं. त्या उत्साहात देशप्रेम होतं, समुद्राचं आकर्षण होतं. तिथे राहणाऱ्या माणसांचा उल्लेख अपवादानेच होता. एकूण ३२ चौरस किलोमीटर जमीन, दहा वस्तीची बेटं, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ लोक. चौरस किलोमीटरमागे दोन हजारांहून जास्त माणसं आधीच राहतात. पिण्याचं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात. याच लोकांनी २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला विरोध केला होता. नियोजनाच्या नावाखाली कुठलीही जमीन घेण्याचे फार मोठे अधिकार त्या मसुद्यात प्रशासनाला दिले होते. ७ जूनला सगळ्या बेटांवर लोकांनी घरातच बारा तासांचं उपोषण केलं. त्यांना विकास नकोय, असं तेव्हा मुख्य भूमीवर सहज म्हटलं गेलं. त्यांना दवाखाना, जहाजं आणि नोकऱ्या हव्या होत्याच. आपल्या जमिनीबद्दल आपल्याला न विचारता ठरवलं जाणं त्यांना नको होतं.

उरणच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये नव्या मुंबईसाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी उभा राहिला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. ज्याची जमीन घेतली त्याला विकसित जमिनीतला हिस्सा परत, हे तत्त्व या पट्ट्याने रक्त सांडून मिळवलं. त्या योजनेची अंमलबजावणी किती रखडली, कुणाकुणाचे भूखंड दलालांनी लाटले, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे. तरी तत्त्व पक्कं आहे: जागेतून जे मूल्य तयार होतं, त्यात त्या जागेच्या माणसाचा वाटा उपकाराचा नसून हक्काचा असतो. हे तत्त्व समुद्र ओलांडून दहा किलोमीटरवरच्या बेटापर्यंत अजून पोचलेलं नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लेणी जगाची आहेत. हजार-बाराशे लोकांच्या मर्जीवर जगाचा वारसा कसा सोडायचा? उद्या गावाने म्हटलं की लेण्यांच्या दारात हॉटेल बांधा, तर? हा धोका खराच आहे. गाव म्हणजे संतांची वस्ती नव्हे. पैशाचा दबाव तिथेही असतो. पण गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव काय सांगतो? ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, त्यात तो मोडला, आणि आज तो भायखळ्याला संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हे काही गावकऱ्यांनी केलं नाही. बेटाभोवतीच्या खाडीची जी अवस्था झाली तीही त्यांनी केलेली नाही. बाहेरच्या निर्णयाने वारसा जपला जातो आणि आतल्या निर्णयाने तो बिघडतो, या समजुतीला घारापुरीच्या इतिहासात फारसा आधार नाही. खुद्द युनेस्कोच्या वारसा समितीने २००७ मध्ये आपल्या उद्दिष्टांत एक नवं उद्दिष्ट घातलं, ते म्हणजे वारसास्थळी राहणाऱ्या समाजांचं स्थान. लेण्यांच्या संरक्षणाच्या बाबतीत पुरातत्त्व खात्याचा शब्द शेवटचा असावा, हे मला मान्य आहे. जेट्टी, बोटी, दुकानं, पाणी, घरं, पर्यटकांच्या वेळा, नवे प्रकल्प, या सगळ्यांतही तोच नियम कशाला?

रात्रीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घारापुरीवर पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की बेट रहिवाशांचं होतं. पोरं जेट्टीवर खेळतात, बायका निवांत ओट्यावर बसतात, माकडांनीही पायऱ्यांचा ताबा घेतलेला असतो. दिवसभर ज्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघावं लागतं ती माणसं गेलेली असतात आणि शेजारी पुन्हा शेजारी होतात. हा नियम गावाच्या मनःशांतीसाठी केलेला नाही, स्मारकाच्या आणि सुरक्षेच्या कारणाने आहे. पण जगातल्या गजबजलेल्या बेटांनी जे गमावलं ते या नियमाने घारापुरीत राखलं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज काही तास तरी जागा फक्त आपली असणं, ही ओढ जिवंत राहण्याची अट आहे. आता मुक्कामाचं पर्यटन, होम-स्टे, चांदण्यातली लेणी अशा कल्पना येतच राहणार. त्यात पैसा आहे, आणि गावातल्या तरुणांना तो हवासा वाटला तर त्यांना नावं ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. माझं म्हणणं इतकंच की रात्र उघडायची की नाही, किती घरांनी, वर्षातल्या किती दिवसांसाठी, हे तिन्ही गावांच्या ग्रामसभेने ठरवावं. त्या ग्रामसभेत बायकांची संख्या मोजली जावी, कारण मुक्कामी पाहुण्याचं पाणी, जेवण, अंथरूण शेवटी त्यांच्याच डोक्यावर येणार आहे. एकदा ठरवून बघितलं आणि नको वाटलं तर मागे फिरण्याची मुभाही गावाला हवी. ती एकदा मोठ्या हॉटेलवाल्याच्या करारात अडकली की मिळत नाही.

तिकिटाच्या पैशातला ठरावीक हिस्सा दरवर्षी, विनवणी न करता, ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा व्हावा. साडेबारा टक्के म्हटलं तर या मुलखात कुणाला आकडा समजावायची गरज पडणार नाही. रहिवाशांसाठी मोऱ्याला जाणारी-येणारी वेळापत्रकाची बोट आणि रात्रीच्या रुग्णासाठी तयार असलेली बोट, ही पर्यटन खर्चातून व्हावी. गावठाणाचा आराखडा पुरातत्त्व खात्याने आणि जिल्हा प्रशासनाने गावाबरोबर बसून एकदाच काढावा, म्हणजे खोली वाढवायला प्रत्येक घराला वेगळी वणवण करावी लागणार नाही. आणि शाळेतल्या पोरांना आपल्या बेटाची माहिती पर्यटकाला सांगण्यापुरती नव्हे, स्वतःसाठी मिळावी. खडकांची, खारफुटीची, कालवांची, भरतीच्या वेळांची. आजी-आजोबा आहेत तोवर ती मिळेल.

यातलं कुठलंही काम वीज आणण्याएवढं खर्चाचं नाही.

सध्या सर्वांत मोठी टांगती गोष्ट म्हणजे शिवडी ते घारापुरी असा सुमारे आठ किलोमीटरचा रोपवे. मुंबई बंदर प्राधिकरणाने काही वर्षांपूर्वी हा प्रस्ताव मांडला. तो अजून कागदावरच असला तरी अशा कल्पना मरत नाहीत, सरकार बदललं की नव्या नावाने येतात. रोपवे आला तर पावसाळ्यातही पर्यटक येतील, गर्दी कित्येक पटींनी वाढेल, बेटावरच्या माणसाला मुंबई जवळ होईल आणि आजारी माणसाला कदाचित वेळेत दवाखानाही मिळेल. त्याच वेळी जेट्टीवरची, लाँचवरची, पायऱ्यांच्या खालच्या टोकावरची कमाई सरकून दुसऱ्याच जागी जाईल. खांब कुठे उतरेल त्यावर तिन्ही गावांचं भविष्य ठरेल. म्हणून त्याचा पूर्ण अहवाल, नकाशांसह आणि मराठीत, निविदा निघण्याच्या आधी तिन्ही गावांत वाचला गेला पाहिजे. ग्रामसभेने जे सांगितलं ते लेखी नोंदवलं जावं, आणि गाव नाही म्हणालं तर त्या नकाराला मुद्देसूद लेखी उत्तर दिल्याशिवाय प्रकल्प आणणाऱ्याला पुढचं पाऊल टाकता येऊ नये.